सातवा रविवार

चर्चमध्ये पाळकांनी आजाऱ्यांची यादी वाचायला घेतली तेव्हा मी खिडकीच्या वरच्या काचेला गेलेला तडा बघत होतो. हा तडा अकरा वर्षं आहे आणि मंडळीच्या प्रत्येक वार्षिक सभेत तो विषयपत्रिकेवर असतो. सेक्रेटरी मीच असल्यामुळे त्याच्याविषयी मला एक प्रकारची आपुलकी आहे. यादी वाचताना पाळक आवाज खाली आणतात, प्रत्येक नावानंतर एका श्वासाएवढं थांबतात, आणि तेवढ्या वेळात मंडळीने ते नाव मनात उचलून देवापुढे ठेवावं अशी अपेक्षा असते. एक निवृत्त शिक्षक, मणका. श्वास. एक बाई, मधुमेह आणि सून. श्वास. चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं होतं, मी फक्त टाइप करतो. बाईंच्या पुढे माझी बायको यायची. सहा रविवार ती तिथेच येत होती, सुनेनंतर आणि एका इसमाच्या मोतीबिंदूच्या आधी. मी मान खाली घातली, डोळे मिटले, आणि पाळक म्हणाले, मोतीबिंदू. गोदामात कधीकधी असं होतं की खोकं भरलेलं समजून आपण अंगातली सगळी ताकद लावून उचलतो आणि ते रिकामं निघतं, तेव्हा खोकं राहतं बाजूला आणि आपणच मागे झोकांडतो. बाकावर बसल्या बसल्या माझं तसं झालं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. मोतीबिंदूचा श्वास संपला, यादी पुढे गेली, आणि मला आठवलं की हे मीच केलं आहे.

काल शनिवारी दुपारी, चर्चच्या ऑफिसात, पंख्याखाली. दर शनिवारी मी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसतो. चिठ्ठीवर चार रकाने असतात, आजाऱ्याचं नाव, त्रास, विनंती करणाऱ्याचं नातं आणि तारीख. तारखेला सहा आठवडे झाले असतील तर चिठ्ठीवर ‘मुदत पूर्ण’ असा शिक्का मारायचा आणि ती बाजूला काढायची. शिक्काही मीच करवून घेतलेला, लाल शाईचा. काल नऊ चिठ्ठ्या निघाल्या. नऊदा शिक्का उठला. त्यातली एक माझ्या अक्षरातली होती, नात्याच्या रकान्यात ‘पती’ लिहिलेली, हे मला तेव्हा दिसलं की नाही? हा प्रश्न मी पुढचं सगळं गीत चालू असताना स्वतःला विचारत होतो आणि तोंडाने बरोबर शब्द म्हणत होतो. हात सवयीने चालला असेल तर ती चूक. पण मला अंधुक आठवतं की त्या चिठ्ठीवर शिक्का जरा हळू टेकला होता. जरा हळू, पण टेकला होता.

हा नियम माझाच, तीन वर्षांपूर्वीचा. त्याआधी एकदा आलेलं नाव यादीतून जायचंच नाही. लोक बरे झाले तरी घरचे कळवत नसत, दुसरीकडे राहायला गेले तरी नाव मागे उरायचं, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी तर आम्ही ते वारल्यावर पाच महिने प्रकृती सुधारावी म्हणून प्रार्थना केली. त्यांची विधवा पहिल्या बाकावर बसून दर रविवारी ते ऐकायची आणि संकोचामुळे काही बोलली नाही. यादी त्रेसष्ट नावांवर गेली तेव्हा मी मंडळीच्या पंचांपुढे विषय मांडला. मी औषधांच्या गोदामात नोकरी करतो. माझं काम मुदत बघण्याचं. सकाळी नऊ ते सहा रॅकच्या गल्ल्यांतून फिरायचं, खोक्यांवरच्या तारखा वाचायच्या, जवळ आलेल्यांना पिवळी पट्टी, गेलेल्यांना लाल. तेवीस वर्षं मी हे करतो आहे, आणि घरात दुधाच्या पिशवीपासून शेजाऱ्यांच्या निमंत्रणापर्यंत प्रत्येक गोष्ट मी आधी उलटी करून बघतो. पंचांना मी म्हणालो की वस्तूला मुदत असली की तिची काळजी घेतली जाते. सहा आठवडे मंडळी मनापासून प्रार्थना करील, पुढे हवं असेल तर घरच्यांनी नवी चिठ्ठी भरावी, पंचांनी ती पुढच्या रविवारसाठी मंजूर करावी. कुणीतरी विचारलं, देवाला सहा आठवडे पुरतील ना? सगळे हसले. मीही हसलो. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त माझ्याकडे आहे, त्यात हसण्याची नोंद नाही.

पुढच्या रविवारसाठी. इथे मी बोटांवर दिवस मोजले. शुक्रवारी बायकोचा स्कॅन झाला होता. दोन सलाइनींनंतर गाठ आकसली आहे का तशीच आहे, की तिने आपलं कामकाज वाढवलं आहे, हे मंगळवारी कळणार होतं. म्हणजे नेमका हाच आठवडा, रविवार ते मंगळवार, बायको यादीत नव्हती. इतर कुणाला मी सांगितलं असतं की असं काही नसतं, देव काही हजेरीपट बघत नाही. स्वतःला सांगून पाहिलं. आतला माणूस ऐकेना. तो म्हणत होता, आजवर गाठ आकसत असली तर ती चारशे माणसांच्या त्या एका श्वासाच्या दाबाखाली आकसत होती, आणि तू दाब काढून घेतलास. शिक्का मारून.

उपासना संपल्यावर मी पाळकांना दारात गाठलं. ते लोकांशी हस्तांदोलन करत होते आणि दोन हातांच्या मध्ये माझ्याशी बोलत होते.

‘‘पाळकसाहेब, मंगळवारी हिचा रिपोर्ट आहे.’’

‘‘हो हो, माझ्या लक्षात आहे. मनात नाव घेतोच मी. या ताई, गुडघा कसा आहे? पण तू चिठ्ठी भरून टाक बाबा. नियम म्हणजे नियम, आणि नियम चांगला आहे तुझा. यादी चार मिनिटांत आटोपते.’’

मनात घेतो. आमच्या गोदामाचे साहेब एकदा मला म्हणाले होते, मुदत संपली म्हणजे औषध बिघडलं असं नव्हे रे, मुदत संपली म्हणजे कंपनी आता जबाबदार नाही. तेव्हा हे वाक्य मला फार व्यवहारी वाटलं होतं. मी ते पंचांच्या सभेत वापरलंही असेल.

फाटकापाशी शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. मंडळीतले सगळे झगे, पडदे आणि वेदीवरची कापडं त्याच शिवतात. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

‘‘काय हो सेक्रेटरी, गुपचूपच? वहिनी बऱ्या झाल्या ना! नाव नाही आलं आज. मी ह्यांना म्हणणारच होते घरी जाऊन.’’

मी म्हणालो, नाही, बऱ्या नाही झाल्या, सहा आठवडे झाले.

त्यांचा चेहरा पडायला वेळ लागला. आधी तो उजळलेलाच राहिला, एखादा दिवा बंद केल्यावर तार थोडी लाल राहते तसा. मग त्या म्हणाल्या, ‘‘असं होय. आमच्यांचं नाव गेलं तेव्हा आम्हाला नाही कुणी विचारलं बरे झाले का म्हणून.’’ यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता येतं. त्यांच्या नवऱ्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी त्या नवी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या, पण तारखेच्या रकान्यात त्यांनी जुनीच तारीख टाकलेली होती, आणि मी ती परत केली. परत आणते म्हणाल्या. आणली नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. आता मी विचारलं, कसे आहेत? चौदा महिन्यांनी विचारलं. ‘‘डावा अंगठा हलतो आता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बटण पकडतात. लावता नाही येत, पण पकडून ठेवतात, मी लावते. रोज सकाळी आमचा कार्यक्रम असतो, एका शर्टाला अर्धा तास. तुम्ही वहिनींना सांभाळा हं.’’

घरी जाताना मी लांबचा रस्ता घेतला. रविवारी दुकानांची शटर्स खाली असतात आणि त्यांच्यावर आपली सावली घडीघडीने मोडत चालते. लाँड्रीच्या दारात वाफेचा पाइप तेवढा फुसफुसत होता. मला आई आठवत होती. माझे वडील प्यायचे. फार आरडाओरडा करून नाही, नीट, वेळेवर, नोकरीला गेल्यासारखे. आई रोज पहाटे पलंगाच्या कडेशी गुडघे टेकायची, आणि तिच्या गुडघ्यांवर कातडी जाड आणि काळपट झाली होती, चपलेच्या तळासारखी. लहानपणी मी तिला अंघोळीनंतर गुडघ्यांना तेल चोळताना पाहिलं आहे. एकोणीस वर्षं. विसाव्या वर्षी वडिलांनी दारू सोडली, कारण तोवर यकृताने वडिलांना सोडलं होतं, आणि नंतर ते आठ महिने जगले. ते आठ महिने आई सगळ्यांना सांगत सुटली होती की प्रभूने ऐकलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि हिशेबी होतो. एकोणीस वर्षांचं भांडवल आणि आठ महिन्यांचं व्याज, हा कसला देव, असं मी तिला तोंडावर म्हणालो. ती म्हणाली, ‘‘आठ महिने ते माझ्याशी बोलत होते रे.’’ आणि भाकरी उलटली. आता लाँड्रीपाशी उभं राहून मी मनात आकडेमोड केली. एकोणीस वर्षांत सहा आठवड्यांच्या किती मुदती बसतात? एकशे पासष्ट आणि वर थोडे दिवस. माझा नियम तेव्हा असता तर आईला एकशे पासष्ट वेळा नवी चिठ्ठी भरावी लागली असती, आणि एखाद्या वेळी तारीख चुकली म्हणून माझ्यासारख्या कुणीतरी ती परत केली असती. आईने भरली असती. मी पहिली मुदत संपली तेव्हाच थांबलो होतो. शिक्का हळू का टेकला, हे मला तिथे, त्या वाफेच्या आवाजात, कळलं. नवी चिठ्ठी भरायची म्हणजे त्रासाच्या रकान्यात पुन्हा तोच शब्द लिहायचा, स्वतःच्या हाताने, म्हणजे तो अजून तिथे आहे हे मान्य करायचं. सहा आठवडे मी आशा धरली नव्हती, मुदत धरली होती.

दोन जिने चढून मी कुलूप उघडलं. बायको खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती, डोक्याला निळा रुमाल. केस गेल्यापासून तिचे कान मला प्रथमच नीट दिसतात. चांगले आहेत. तीस वर्षांत मी ते पाहिले नव्हते.

‘‘आलात? उशीर झाला. कुणी गाठलं?’’

‘‘पाळक. आणि शिवणबाई.’’

‘‘तोंड का असं? परत तडा निघाला का काचेचा?’’

मी म्हणालो, नाही, उन्हाचं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. ठरवलं होतं की तिला काही कळू न देता आत्ताच नवी चिठ्ठी लिहायची, संध्याकाळी पंचांच्या घरी जाऊन पाया पडलो तरी चालेल, उद्या सकाळी निदान पाळकांकडून ती वाचून घ्यायची, एकट्याने का होईना. नियमात बसत नव्हतं. नियम करणाऱ्याला पळवाटा माहीत असतात. कागद हवा होता. मुदत संपलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या फेकवत नाहीत म्हणून मी घरी आणतो, पाठ कोरी असते, आणि त्या चिमट्यात लावून ओट्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवतो, हिला वाणसामान लिहायला. कालच्या नऊसुद्धा मी आल्याबरोबर सवयीने तिथे लावल्या होत्या. नऊ. मी खिळ्याकडे पाहिलं. खिळा होता, चिमटा नव्हता.

‘‘चिठ्ठ्या कुठे गेल्या गं?’’

‘‘इथे आहेत माझ्याकडे.’’

‘‘तुझ्याकडे कशाला? सामान तर हल्ली तुझी ताई आणते.’’

मी आत गेलो. चिमटा तिच्या मांडीवर होता. मला वाटला होता त्यापेक्षा गठ्ठा बराच जाड होता, बोटभर, कडा हाताळून मऊ झालेल्या. मी मधल्या दोनचार उलटून पाहिल्या. पाठी कोऱ्या होत्या. तीन वर्षांत हिने त्यांच्यावर एक किलो साखर लिहिली नव्हती. आणि पुढच्या बाजूला, माझ्या लाल शिक्क्याच्या आजूबाजूला, पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, पाचापाचाच्या जुड्या, काही चिठ्ठ्यांवर इतक्या की कागद राखाडी दिसत होता.

‘‘हे काय आहे?’’

‘‘काय म्हणजे? तुम्ही यादीतून काढलेली माणसं आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘पोळ्या करताना देवापुढे नावं घ्यायचे मी रोज दहा-बारा. आता पोळ्या नाहीत तर इथे घेते.’’

‘‘तीन वर्षं?’’

‘‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याचाही नियम केला असता.’’

मी बसलो. पलंगाच्या कडेला, तिच्या पायांशी. सलाइनच्या पहिल्या दिवशी मी नर्सच्या हातातली बाटली घेऊन तिची तारीख वाचली होती, तेव्हा ही मला अशाच आवाजात म्हणाली होती, अहो, इथे पण? मला तिला सांगायचं होतं. की मी काल काय केलं. की मंगळवारपर्यंत ती कुणाच्याच यादीत नाही. मी तिच्या मांडीवरचा चिमटा उचलला.

‘‘बरं झालं आलात,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या सलाइनपासून अक्षरं नाचतात. कालपासून तर नुसती हातात घेऊन बसले आहे. तुम्ही वाचा. एकेक. तुम्हाला सवय आहे.’’

‘‘मला टाइप करायची सवय आहे.’’

‘‘वाचा हो.’’

मी खालून सुरुवात केली. नाव वाचलं, त्रास वाचला. तिने डोळे मिटले होते. पाळकांइतकी ती थांबत नाही, तिचा श्वास आता आखूड आहे. मग तिने पेन्सिलीने चाचपडत रेघ मारली आणि विचारलं, ‘‘ह्याचं पुढे काय झालं?’’

‘‘माहीत नाही.’’

दुसरी. एक मुलगी, झोप येत नाही. रेघ. ‘‘हिचं?’’ माहीत नाही. तिसरी. एक ड्रायव्हर, अपघात, खुबा. ‘‘चालतो का?’’ माहीत नाही.

‘‘कमाल आहे. सेक्रेटरी ना तुम्ही?’’

चौथी, पाचवी. अकरा वर्षं मी अशा माणसांची नावं टाइप केली आणि एकाचंही पुढे काय झालं ते मला सांगता येत नव्हतं. सहा आठवड्यांनंतर त्यांना पुढे नव्हतंच माझ्याकडे. हाताळून चिठ्ठ्यांचा क्रम मागेपुढे झाला होता; सातवी शिवणबाईंच्या नवऱ्याची होती, इतरांपेक्षा जास्त राखाडी झालेली.

‘‘ह्यांचं?’’ तिने विचारलं, आणि ती उत्तराची वाट न बघता पुढे बोलणार तोच मी म्हणालो, ‘‘डावा अंगठा हलतो. शर्टाचं बटण पकडतात, ती लावते. अर्धा तास लागतो.’’

तिने डोळे उघडले. माझ्याकडे अशी पाहत राहिली जसं काही अंगठा मीच हलवला आहे. ‘‘खरंच?’’ म्हणाली. ‘‘अहो, बटण!’’ आणि रडायला लागली, हसतही होती, आणि मला तिच्या रुमालाची गाठ मागे सुटलेली दिसली. ती बांधायला माझे हात गेले नाहीत, हातांत चिठ्ठ्या होत्या. चौदा महिने, एका अंगठ्यासाठी, हा मला आईचाच हिशेब वाटला. पण यावेळी तो मला तोट्याचा वाटेना. घाबरायला मात्र होत होतं. आशा ही धीर देणारी गोष्ट आहे असं पाळक सांगतात. मला तर ती त्या बाकावरच्या झोकांडीसारखीच वाटली, फक्त उलट्या बाजूने.

मी वाचत गेलो. ऊन पलंगावरून फरशीवर उतरलं. अधूनमधून ती झोपल्यासारखी व्हायची, मी थांबलो की म्हणायची, जागी आहे. बोटभर गठ्ठा अर्ध्या बोटाचा झाला, मग पातळ, आणि मला ठाऊक होतं की वर कालच्या नऊ आहेत. मी सावकाश वाचू लागलो. मूतखडा. दमा. एका बाईची काळजी, कसली ते लिहिलेलं नाही. पुढची चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. शिक्का ताजा होता, लाल शाई अजून थोडी ओलसर वाटली, किंवा माझं बोट ओलं होतं. एखादी चिठ्ठी दुसरीला चिकटून निघून जाते. तिचे डोळे मिटलेले होते, तिला कळलंही नसतं.

मी माझ्या बायकोचं नाव वाचलं. त्रास वाचला, तो शब्द, पूर्ण. नातं वाचलं. नातं आतापर्यंत कुणाचंच वाचलं नव्हतं. तारीख वाचली.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. तिने डोळे उघडले नाहीत. पेन्सिल चाचपडत आली, माझ्या बोटाला लागली, तिथून कागदावर सरकली आणि तिने एक रेघ मारली, पहिलीच.

‘‘हिचं पुढे काय झालं?’’ तिने विचारलं, इतरांचं विचारलं होतं तसंच.

‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो. मग म्हणालो, ‘‘अजून चालू आहे.’’

‘‘मग वर ठेवा ती,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या परत तिच्यापासून. पुढची वाचा.’’

पुढची एका बाळंतिणीची होती. मी तिचं नाव वाचलं आणि थांबलो, एका श्वासाएवढा.